कॉपी, कंपोझ आणि थकलेली बिलं: जाहिरातीत उतरू पाहणाऱ्या नाशिककरांचे प्रश्न

जाहिरातीतल्या 'क्रिएटिव्ह' कामाबद्दल, म्हणजे कॉपी (जाहिरातीतला मजकूर), डिझाइन आणि संकल्पनेबद्दल वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी छाटलीत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. काहींचे साहेबही हे सदर वाचतात.

प्रश्न: टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय मराठी. कविता करते, कॉलेजच्या भित्तिपत्रकाचं काम बघते. कॉपीरायटर व्हायचंय. एका एजन्सीला मेल केला तर 'पोर्टफोलिओ पाठवा' एवढंच उत्तर आलं. एकही जाहिरात केलेली नसताना त्यात ठेवायचं काय? — नाशिकरोड

न छापलेल्या जाहिराती ठेवायच्या. पहिल्या नोकरीसाठी खऱ्या ग्राहकाचं काम कुणी मागत नाही. स्वतःच विषय घेऊन केलेल्या जाहिराती चालतात, फक्त पानाच्या कोपऱ्यात 'सराव' असं स्पष्ट लिहा. सरावाचं काम खरं म्हणून खपवायला जाऊ नका. हे क्षेत्र लहान आहे, खातरजमा एका फोनवर होते.

तीन मोहिमा करा, प्रत्येकीत तीन-तीन जाहिराती. वर दोन-तीन सुट्या आणि दीड-दोनशे शब्दांची एक लांब कॉपी. एकूण बारा ते पंधरा पानं, त्याहून जास्त नको. एक बरी ओळ कुणालाही सुचते. त्याच विचारातून दुसरी आणि तिसरी निघते का, हे समोरचा तपासत असतो, म्हणून तीन-तीन.

विषय निवडताना बहुतेकांचा पाय घसरतो. बूट, चॉकलेट, गाड्यांचे जगप्रसिद्ध ब्रँड घेतले की तुमची तुलना त्यांच्या आजवरच्या उत्तम कामाशी होते, आणि ती तुम्हाला परवडणारी नाही. त्यापेक्षा रोज ज्याच्यावरून जाता ते घ्या. समजा, जुन्या नाशकातलं एखादं रफूचं दुकान घेतलं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना तिथे तासभर बसा आणि विचारा: जास्त काम कधी येतं? काय फाटून येतं, कशाने फाटतं? कुठलं काम तुम्ही घेत नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कपडा परत घेताना गिऱ्हाईक काय बोलतं? उत्तरं साधारण अशी येतील: लग्नसराईत पैठण्या आणि शालू, थंडीत कोट, खिळ्याला, दाराच्या कडीला, गाडीच्या स्टँडला अडकलेले. आणि घेताना माणूस कपडा उजेडात धरून म्हणतो, 'नक्की कुठे होतं हो?'

हे वाक्य म्हणजे तुमचा ब्रीफ. आता तो दोन ओळींत लिहा. कोणाशी बोलतोय: उसनी पैठणी खिळ्याला अडकवून बसलेल्या मुलीशी. काय सांगायचं: रफू दिसणार नाही. संपलं. 'वाजवी दर', 'तत्पर सेवा', 'तीन पिढ्यांची परंपरा' बाहेर ठेवा, मालकाचा कितीही आग्रह असला तरी.

मग ओळी लिहायला बसा, निदान पन्नास. पहिल्या पाचात 'रफूचक्कर' येणारच. सगळ्यांनाच येतो, म्हणून तो खोडायचा. शब्दांची कोटी आधी सुचते, कारण ती भाषेतून निघते. ग्राहकाच्या अडचणीतून निघालेली ओळ उशिरा येते. तिसाव्या-चाळिसाव्या ओळीला असं काहीतरी हाताला लागेल:

'आमचं काम दिसलं, तर पैसे परत.'

'इथे भोक होतं.' चित्रात धडधाकट कापड आणि त्याच्यावर नुसता एक बाण.

'आईला कळणार नाही.' चित्रात कपाटात घडी परत ठेवणारे हात.

तिन्ही जाहिराती एकच गोष्ट सांगतात, पण तीन वेगळ्या दारांतून. पहिली हमी देते, दुसरी डोळ्यांना दाखवते, तिसरी मनातल्या धाकधुकीला हात घालते. तिन्हींत 'रफू' हा शब्दही नाही. तो खाली दुकानाच्या नावात आला की पुरे. ही तीन पानं आणि त्यांच्या आधी तो दोन ओळींचा ब्रीफ, इतकं नीट जमलं तर तुमचा विचार कसा चालतो ते समोरच्याला कळतं.

चित्रकला येत नसेल तर पेन्सिलीने चौकट काढून मांडणी दाखवा, किंवा अप्लाइड आर्टचा एखादा विद्यार्थी सोबत घ्या. दुसरा पर्याय जास्त चांगला. कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टर यांना जोडीने बसवायची रीत न्यूयॉर्कच्या डीडीबी एजन्सीत बिल बर्नबाख यांनी रुजवली आणि आजही एजन्सीत तशाच जोड्या असतात, तेव्हा सवय आत्तापासून लावलेली बरी.

कविता पोर्टफोलिओत नकोत. चांगल्या असतील तर मुलाखतीत विषय निघेलच.

शेवटी फाइल. एकच पीडीएफ, १० एमबीच्या आत, नावात तुमचं नाव आणि 'कॉपी' हा शब्द. सगळ्यात चांगली मोहीम पहिली, दुसऱ्या क्रमांकाची शेवटी, कमकुवत मधे. ड्राइव्हची लिंक पाठवत असाल तर ती आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. 'परवानगी मागा' असा फलक दिसला की समोरचा परवानगी मागत नाही, पुढचा मेल उघडतो.

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. चित्रं छान काढते, एलिमेंटरी-इंटरमीजिएट दोन्ही झाल्या आहेत. जाहिरातीत जायचं म्हणते. कोणता कोर्स घ्यावा? — इंदिरानगर

तिला कोणत्या खुर्चीत बसायचंय त्यावर आहे. आर्ट डायरेक्टर व्हायचं तर चार वर्षांची अप्लाइड आर्टची बी.एफ.ए. हा सरळ रस्ता. राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाची एएसी सीईटी असते: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. मुली बहुतेकदा स्मरणचित्रात अडकतात. रोज वीस मिनिटं बसस्टॉप, भाजीबाजार, रंगपंचमी असे प्रसंग मनाने काढायची सवय लावा. मुंबईचं सर ज.जी. (म्हणजेच जे.जे.) उपयोजित कला महाविद्यालय १९५८ पासून स्वतंत्र संस्था आहे, जे.जे.ला आता अभिमत विद्यापीठाचा दर्जा असल्याने तिथल्या प्रवेशाचे नियम त्यांच्याच माहितीपत्रकात बघा.

डिझाइनकडे जायचं तर दोन प्रवेश परीक्षा: आयआयटी मुंबई घेते ती यूसीड आणि एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, डॅट. यूसीडला कोणतीही शाखा चालते, पण फक्त दोन, तेही लागोपाठच्या वर्षांत बसता येतं, म्हणून 'सहज म्हणून' पहिला प्रयत्न वाया घालवू नका. अहमदाबादचं माइका हे नाव ऐकाल. ते पदवीनंतरचं आणि मुख्यतः व्यवस्थापनाकडे झुकलेलं. कॉपीरायटिंगला कोणतीही पदवी चालते.

'सहा महिन्यांत डिजिटल मार्केटिंग' शिकवणाऱ्या वर्गांत जाहिरात कुठे आणि कितीला लावायची ते शिकवतात. काय लिहायचं, काय काढायचं ते नाही. फी भरण्याआधी मागच्या तुकडीतल्या दोन विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ दाखवा म्हणा. नोकरी लागलेल्यांचे फोटो भिंतीवर असतात, त्याने काही कळत नाही.

प्रश्न: वय ३६. अंबडला क्वालिटी विभागात बारा वर्षं काढली. लिहायची आवड आहे. उशीर झालाय का? — सिडको

मुंबईच्या एजन्सीत ट्रेनी म्हणून शिरायला, खरं सांगायचं तर, हो. सव्वीस वर्षांच्या ग्रुप हेडच्या हाताखाली, आत्ताच्या पगाराच्या अंशात राहायची तयारी असेल तर वेगळं. पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्या सव्विशीतल्याकडे नाही: टॉलरन्स, सरफेस फिनिश, रिजेक्शन हे शब्द तुम्हाला समजावून सांगावे लागत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे कॅटलॉग, प्रदर्शनातले पॅनल, वेबसाइट, मशीनच्या फिल्मची स्क्रिप्ट, हे सगळं कुणीतरी लिहितंच, आणि बहुतेक वेळा ज्याला व्हर्नियर धरता येत नाही असा माणूस लिहितो. तिथून सुरुवात करा. आधी नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाला मनाई आहे का ते वाचा, आणि नमुन्याला स्वतःच्या कंपनीची माहिती वापरू नका.

प्रश्न: अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका कृषी सेवा केंद्राची वर्तमानपत्रासाठी जाहिरात केली. स्क्रीनवर ठीक होती. छापून आली तेव्हा 'शेतकऱ्यांसाठी'मधला 'ऱ्या' फुटलेला आणि बारीक काळा मजकूर रंगीत सावली पडल्यासारखा. छापखाना म्हणतो चूक फाइलची. खरं काय? — पिंपळगाव बसवंत

छापखाना बरोबर आहे, दोन्ही बाबतीत.

'ऱ्या' आधी घेऊ. अक्षरं लाइव्ह, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराच्याच रूपात, ठेवून फाइल दिली, तिकडे तो फाँट नव्हता किंवा त्याची आवृत्ती वेगळी होती. दुसरी शक्यता सॉफ्टवेअरची. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदाचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडावा लागतो. तो भारतीय लिप्यांसाठीचा, म्हणजे 'वर्ल्ड-रेडी' किंवा 'साउथ एशियन' नसेल, तर जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटची गोष्ट आणखी निराळी: तिथे मुळात इंग्रजी कळांना मराठी आकार चिकटवलेले असतात. फाँट नसला की मराठीच उरत नाही.

म्हणून क्रम असा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, कंपोझर आधी बदला, मांडणी पूर्ण करा. ग्राहकाची मंजुरी आली की फाइलची प्रत काढून त्या प्रतीतल्या अक्षरांचे आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार उरतात आणि फाँट लागत नाही. मूळ फाइल तशीच ठेवा, कारण रात्री नऊला फोन नंबर बदलतो. आउटलाइन केलेली पीडीएफ कागदावर काढा आणि एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मंजूर मजकुराशी ताडायची. डोळा विशेषतः इथे ठेवा: दुसऱ्या, ऱ्हास, राष्ट्र, शुद्ध, हृदय, अर्थ.

आता काळा. तुमची फाइल आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत होती. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत बदलताना त्या काळ्याचा चार रंगांचा काळा झाला. वर्तमानपत्राच्या मशीनवर चार रंग एकावर एक तंतोतंत बसत नाहीत, केसभर सरकतात, आणि बारा पॉइंटच्या अक्षराला तेवढं सरकणं पुरतं. मजकुराचा काळा नेहमी के (काळी शाई) १००, बाकी तिन्ही शून्य आणि ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावरच काळा छापणं) चालू. फोटोंत चार रंगांची बेरीज २४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्याहून जास्त शाई न्यूजप्रिंट पितो आणि मागच्या पानावर उतरवतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर दहा पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि अक्षर जाड घ्या. देवनागरीत मात्रा-वेलांट्यांच्या पोकळ्या आधी भरतात. 'के' चा 'क' होतो.

विषय निघालाच आहे तर तीन सवयी. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं ट्रॅकिंग देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ घ्या, चौदा पॉइंटच्या मजकुराला वीसपर्यंत. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला धडकतो. आणि 'ल' व 'श' मराठी वळणाचे आहेत ना ते बघा. अनेक फाँट हिंदी वळण आधी दाखवतात, काहींत भाषा 'मराठी' निवडली की आकार बदलतो. वाचकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण जाहिरात 'बाहेरची' वाटते.

'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत आहेत आणि व्यावसायिक कामाला चालतात. मथळ्यासाठी मात्र कधीतरी हाताने अक्षर काढून बघा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचं नाव असं रेखाटलं की वेगळ्या चित्राची गरजच उरली नाही. वर्तमानपत्रात दोन कॉलम जागा असली की हाच मार्ग स्वस्त पडतो.

प्रश्न: कॉलेज रोडच्या एका एजन्सीत डिझायनर आहे. हॉस्पिटलच्या होर्डिंगवर ग्राहकाला अकरा विभाग, तीन फोन नंबर, नकाशा आणि डॉक्टरांचा फोटो हवाय. समजावून थकलो.

समजावू नका, मोजून दाखवा. २० बाय १० फुटांचं होर्डिंग ६० मीटरवरून जेवढं दिसतं, तेवढंच हाताच्या अंतरावर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरवर धरलेला ६ बाय ३ सेंटिमीटरचा कागद दिसतो. ग्राहकाच्या पसंतीची मांडणी त्या मापात छापा, कापा, त्यांच्या हातात द्या, हात लांब करायला सांगा आणि वाचायला सांगा. व्हिजिटिंग कार्डापेक्षा लहान कागदावर अकरा विभाग कुणालाही वाचता येत नाहीत. वाद तिथेच संपतो, आणि तुम्ही त्यांना चूक म्हटलेलं नसतं.

महामार्गाच्या उड्डाणपुलावर ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते. शंभर मीटरवरून होर्डिंग दिसायला लागलं तर सहा सेकंद मिळाले. त्यातले चालकाने दिलेले फार तर दोन. सहा-सात शब्द. अक्षराच्या उंचीचा ढोबळ हिशेब: दर दहा फूट अंतराला एक इंच. दोनशे फुटांवरून वाचायचं तर वीस इंचांचं अक्षर, वर मात्रा आणि खाली उकाराची जागा धरली तर दहा फुटांत तीन ओळी कशाबशा बसतात. मुंबई नाक्याला किंवा द्वारकेला सिग्नलवर थांबलेल्या माणसाकडे जास्त वेळ असतो, तिथे फोन नंबर आणि दोन विभाग चालतील. म्हणून एकच डिझाइन सगळीकडे न लावता पुलासाठी एक आणि सिग्नलसाठी एक करा. छपाईची फाइल एकास दहा मापात, ३०० डीपीआयला पुरते.

प्रश्न: घरचे म्हणतात नाशकातच एजन्सी बघ, मित्र म्हणतात मुंबईशिवाय पर्याय नाही. कामात नेमका काय फरक असतो? पंचवटी एक्स्प्रेसने रोज जाऊन-येऊन जमेल का? — गंगापूर रोड

फरक पैसा कुठून येतो त्याचा आहे. मान्यताप्राप्त एजन्सीला वर्तमानपत्राकडून जागेच्या रकमेवर साधारण १५ टक्के कमिशन मिळतं. एक लाखाची जाहिरात लागली की पंधरा हजार. जिथे कमाई जागेतून होते तिथे डिझाइन आणि कॉपी 'सोबत' दिली जाते, फुकट, आणि फुकट गोष्टीवर दोन तासांपेक्षा जास्त वेळ घालवणं कुणालाच परवडत नाही. आपल्याकडचे ग्राहक संकल्पनेचे पैसे द्यायला कुरकुरतात त्याचं मूळही इथेच आहे. त्यांनी ते कधी वेगळे दिलेलेच नाहीत. मुंबईतल्या मोठ्या एजन्सी बहुतांशी महिन्याच्या किंवा कामाच्या फीवर चालतात, त्यामुळे एका ब्रीफवर तीन आठवडे डोकं लावता येतं.

पण नाशकात जे शिकाल ते तिथे पाच वर्षंही मिळणार नाही. मालकाशी थेट बोलणं, रिलीज ऑर्डर (वर्तमानपत्राला द्यायचा छपाईचा लेखी आदेश), कॉलम-सेंटिमीटरचा हिशेब, छापखान्याची वेळ, दसरा-पाडव्याच्या आदल्या रात्री एका दमात दहा जाहिराती. वर्ष-दीड वर्ष इथे करा, रात्री पोर्टफोलिओ बांधा आणि मग जा. तीन वर्षं मात्र थांबू नका. हाताला दोन तासांचीच सवय लागते.

पंचवटीचं उत्तर: नाही. सकाळी सातच्या गाडीने अकराच्या आसपास पोहोचाल, ते ठीक. पण परतीची गाडी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि क्रिएटिव्ह विभागात खरं काम बऱ्याचदा सहानंतर सुरू होतं. पहिल्या वर्षात रोज संध्याकाळी सहाला निघणारा ट्रेनी पुढच्या ब्रीफवर घेतला जात नाही. ठाणे-डोंबिवलीत खाट बघा, शनिवारी घरी या.

अर्ज फक्त एचआरच्या पत्त्यावर पाठवू नका. आवडलेल्या जाहिरातीच्या श्रेयनामावलीत कॉपीरायटर किंवा क्रिएटिव्ह डायरेक्टरचं नाव मिळतं. त्यांना चार ओळी लिहा: कोणती जाहिरात, त्यातलं नेमकं काय आवडलं, तुम्ही कोण, पीडीएफ सोबत. दहा दिवसांनी एकदा आठवण, मग गप्प. कॉपी टेस्ट आली तर घरी सोडवायला सहसा काही दिवस मिळतात. पहिल्या संध्याकाळी सुचलेली उत्तरं बाजूला ठेवा, तीच बाकीच्यांनीही लिहिलेली असतात.

प्रश्न: टीव्हीवरच्या मराठी जाहिराती हिंदीतून उचलल्यासारख्या वाटतात. हे काम करणारं माणूस म्हणून करिअर होतं का? की एआय ते खाऊन टाकणार? — देवळाली कॅम्प

होतं, आणि मराठी नीट येणाऱ्याला कामाची ददात नाही. हिंदीत 'अब टेंशन नहीं' अशी ओळ आहे. शब्दाला शब्द लावला तर 'आता तणाव नाही.' पण मराठीत तणाव शहरात असतो, संचारबंदीच्या बातमीत. घरातल्या बाईला असतो तो घोर. 'आता घोर नाही' किंवा नुसतं 'निवांत व्हा'. एवढा फरक ओळखता येणं हेच कौशल्य.

तांत्रिक बाजूही शिका. डबिंगला ओळ ओठांशी जुळावी लागते: मूळ ओळ 'ब', 'प', 'म'वर संपत असेल तर तुमचीही ओठ मिटणाऱ्या अक्षरावर संपली तर बरं. तीस सेकंदांच्या रेडिओ स्पॉटला साठ-पासष्ट मराठी शब्द, त्याहून जास्त झाले की निवेदक पळायला लागतो. फोन नंबर दोनदा घेतला तर आठ-दहा सेकंद त्यातच जातात. प्रत्येक ओळीबरोबर तिचा उलटा शब्दशः अर्थ आणि 'असं का' याची एक ओळ द्या, कारण मंजुरी देणाऱ्याला बहुतेकदा मराठी येत नाही. कामाचा दर शब्दांच्या संख्येवर लावू नका. तीन शब्दांच्या ओळीला तीन शब्दांचे पैसे मिळतील.

एआय शब्दशः भाषांतर करणाऱ्याचं काम आधीच खातंय. 'तुमच्या स्वप्नांना पंख द्या' छापाची ओळ त्याच्याकडून ढिगाने मिळते. तुमची ओळही त्या ढिगात शोभत असेल तर ती खोडा. स्टोरीबोर्डची, म्हणजे फिल्मचे प्रसंग क्रमाने दाखवणारी कच्ची चित्रं करायला मात्र ते जरूर वापरा.

प्रश्न: सोशल मीडियाच्या पोस्ट करून देतो. एक तेलवाले म्हणतात 'मधुमेह मुळापासून बरा' लिही, एक बिल्डर म्हणतात 'प्री-लाँच, आत्ताच बुक करा'. लिहिणाऱ्यावर काही येतं का? — पंचवटी

पहिलं लिहूच नका. १९५४च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात मधुमेह, कर्करोग, उच्च रक्तदाब अशा रोगांची यादी आहे. त्यांच्यावर उपचाराचा दावा करणारी जाहिरात हाच गुन्हा, तेल चांगलं असो वा नसो, आणि जाहिरातीत भाग घेणाराही त्यात येतो. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुढे पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

बिल्डरला विचारा: महारेरा क्रमांक, म्हणजे गृहप्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आहे का? नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. असेल तर क्रमांक आणि संकेतस्थळ जाहिरातीत हवं आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. डिझाइन करताना कोडला सुरुवातीलाच जागा ठेवा. शेवटी चिकटवलेला कोड इतका लहान होतो की स्कॅनच होत नाही. अटी-शर्तींची ओळ दाव्याच्याच भाषेत असावी असं १९८५ पासून काम करणाऱ्या जाहिरात मानक परिषदेचं, म्हणजे आस्कीचं म्हणणं आहे. मराठी मथळ्याखाली बारीक इंग्रजी तारांकित ओळ टाकायची सवय सोडा.

प्रश्न: दोन वर्षं फ्रीलान्स डिझाइन करते. बदल संपत नाहीत, पैसे येत नाहीत आणि आता ग्राहक लोगोची 'ओपन फाइल' (बदल करता येणारी मूळ फाइल) मागतोय. — महात्मानगर

तीन दुखणी आहेत, पण औषध एकच: कोटेशन. तोंडी सांगितलं असेल तर आज मेलवर टाका. त्यात हे हवं: काय देणार (एक लोगो, तीन पर्याय), किती फेऱ्या (दोन, तिसरीपासून प्रत्येकी इतके), ५० टक्के आगाऊ, उरलेले अंतिम फाइल देण्याआधी, आणि बदल एकाच माणसाने एकत्र करून एका मेलवर पाठवायचे. शेवटची अट सगळ्यात कामाची. बदल संपत नाहीत याचं कारण बऱ्याचदा ग्राहकाची चंचलता नसते; भाऊ, मेहुणा आणि मॅनेजर तिघं वेगवेगळ्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत असतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी आजच करा, ती मोफत आहे. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. थकले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणी काम देण्याआधीची हवी, म्हणून जुन्या बिलांवर तिचा भरवसा धरू नका. बिलावर उद्यम क्रमांक छापा. कंपन्यांच्या हिशेबनीसांना तो दिसला की बिल थोडं वर सरकतं, कारण मुदत उलटून वर्षअखेरीलाही थकलेली रक्कम त्यांना त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. ग्राहक कंपनी असेल आणि वर्षाची रक्कम ५०,००० च्या वर गेली तर १० टक्के टीडीएस कापला जाईल. तो बुडाला असं समजू नका, विवरणपत्र भरून परत मिळतो किंवा वळता होतो. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

ओपन फाइलबद्दल. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाचा असतो. फ्रीलान्स लोगोचा मात्र लेखी हस्तांतर होईपर्यंत तुमचाच (पैसे घेऊन काढलेला फोटो किंवा केलेली फिल्म याला अपवाद, तिथे तो काम सांगणाऱ्याचा). हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत, असं कायदा धरतो. लोगोच्या ग्राहकाला तो कायमचा लागणार हे उघड आहे, तेव्हा अडवून धरू नका. पूर्ण पैसे जमा झाल्यावर कायमचं हस्तांतर असं कोटेशनमध्ये लिहा, ओपन फाइलचा वेगळा आकडा लावा आणि फाइल देताना अक्षरांचे आउटलाइन करून द्या. विकतचा फाँट वापरला असेल तर त्याचा परवाना तुमच्या नावावर आहे, फाइलबरोबर फाँट देता येत नाही. ग्राहकाला तो स्वतः घ्यायला सांगा.